लाइट कायले गेली

लाखनी,
फेब्रुवारी १९८२

प्रिय चंद्रकला,

आधी पायाचं सांग. आई तेल लावून देते का रोज, की तूच "राहू दे, उद्या" म्हणून पांघरूण ओढून घेतेस? तुझी खोड मला लहानपणापासून माहीत आहे. डॉक्टरनं सांगितलं होतं, दुखलं तरी गुडघा वाकवत राहा, नाही तर तो तसाच राहील. तुझी वहिनी गावाहून आली तेव्हा म्हणाली की तू काठी टेकत विहिरीपर्यंत गेलीस, आणि आल्यावर दिवसभर कोणाशी बोलली नाहीस. बोलत जा बाई. माझ्यासारख्या बडबड्या माणसाची बहीण आहेस हे लोकांना पटलं पाहिजे ना.

इकडे दुकान बरं चाललंय. धान घरात आलं की लोकांना फटफटीची आठवण होते. पावसाळाभर कोठ्यात कोंबड्यांच्या खाली उभी केलेली गाडी घेऊन येतात आणि वर मलाच विचारतात, "मिस्त्री, ही सुरू काहून नाही होऊन राहिली?" तुझ्या वहिनीनं मागच्या अंगणात वांगी लावली आहेत, चांगली आली आहेत. पण मी वांग्यांचं सांगायला बसलो नाही. शिमग्याच्या आधी पंचांची बैठक बसणार आणि त्यात तुझा आणि इश्वररावांचा नवराबायकोचा संबंध तोडायचा, असं घरात ठरलं. तू त्याला हो म्हटलं नाहीस, तसं नाहीही म्हटलं नाहीस. बैठकीत पंच तुलाच विचारतील, आणि तुझ्या एका शब्दावर सगळं होईल. तो शब्द तू कोणता द्यावास हे मी सांगणार नाही. पण तो देण्याआधी जे जे झालं ते सगळं तुला माहीत पाहिजे.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, त्या दिवशी तुम्ही फटफटीवर निघालात तेव्हा मी तिथंच होतो. रात्रीचा दंडारीचा खेळ सुरू व्हायचा होता, बाबा म्हणत होते आजची रात राहा, पण इश्वररावांची खाणीत दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. तू पदर तोंडावरून घट्ट ओढून मागे बसलीस, मांडीवर आईनं दिलेली अनारशांची पिशवी. मी म्हटलं, वाटेत तुमसरला चहाला थांबा. इश्वरराव म्हणाले, "नाही भाऊ, थांबलो तं जंगलात अंधार होईल." कुठंच थांबले नाहीत, तरी उजेड पुरला नाही. गोबरवाहीच्या अलीकडे, जंगलातल्या डाव्या वळणावर तुम्ही गिट्टीच्या ढिगावर गेलात. त्यांचा खांदा मोडला आणि तुझा गुडघा. इश्वरराव पहिल्या दिवसापासून एकच सांगत आले की लाइट अचानक गेली, पुढचं काही दिसलं नाही. बाबा पहिल्या दिवसापासून एकच सांगत आले की तो पिऊन होता, मंडईत मांडवामागे पिताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "मले नाही मालूम, माह्या तोंडावर पदर होता." त्यात काही खोटं नव्हतं. पण सकाळी लोकांनी गाडी उचलली, कोणीतरी बटण दाबलं आणि तडकलेल्या काचेतून लाइट लख्ख लागली. झालं, तिथंच इश्वररावांचा शब्द मेला. तुमच्या खाणीच्या वस्तीपासून आपल्या गावापर्यंत सगळे एकच म्हणू लागले, लाइट तं लागून राहिली ना बाप्पा, मग गेली कुठं होती?

बाबांनी तुला दवाखान्यातून गावी आणलं आणि इश्वररावांना दारातूनच परत पाठवलं, ते तुला माहीत आहे. तू आत होतीस, बाहेर आली नाहीस. त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही, तेव्हा तुझा पाय फळीला बांधलेला होता. त्यानंतरचं मात्र तुला कोणी सांगितलेलं नाही. काही दिवसांनी चिखल्याच्या खाणीवरून एक मालाचा ट्रक माझ्या दुकानासमोर थांबला आणि इश्वरराव उतरले, एक हात गळ्यात बांधलेला. ट्रकात गाडी आडवी घातली होती, हँडल वाकडं, सगळ्यावर खाणीची काळी धूळ. मी म्हटलं, हँडल सरळ करू, काच नवी टाकू, चालू होऊन जाईल. ते म्हणाले, "भाऊ, मले दुरुस्त करून नोको. मले फक्त सांगा, लाइट कायले गेली." चहा दिला तर घेतला नाही. तुझ्या पायाचं विचारलं, ट्रकात चढले आणि गेले. पुढं दर सुटीच्या दिवशी यायचे. गाडीकडे बघायचे, तुझ्या पायाचं विचारायचे. इथून आपलं गाव असं किती लांब आहे? पण पुढं एक पाऊल टाकलं नाही त्यांनी, कारण बाबांनी नाही म्हटलं होतं.

आता माझ्या कामाचं थोडं सांगतो, कंटाळू नको. जी वस्तू एकदा बंद पडली ती बंदच राहते, तिचं मिस्त्रीला भय नसतं. भय असतं ते येऊन जाऊन राहणाऱ्या बिघाडाचं. तुम्ही समोर उभे राहिलात की सगळं ठीक, पाठ फिरवली की नाही. मी बल्ब काढून तार पाहिली, ती शाबूत होती, तरी दुसरा टाकला. हँडलवरचं बटण उघडून आतली पितळी पट्टी घासून साफ केली. बॅटरीची दोन्ही टोकं कसली. टाकी उतरवून वायरींची सगळी जुडी सोडवली, कारण हँडल फिरून फिरून तिथं वायर आतून तुटते आणि वरून रबर अखंड दिसतं. एकेक वायर टेस्टिंगच्या बल्बनं तपासली. कुठंच काही नाही. हँडल डावीकडे, हँडल उजवीकडे, चेसिसवर लाकडी हातोडीनं ठोकून पाहिलं, लाइट हलली नाही. हँडल तेवढं सरळ करून जवळच्या साकोलीपर्यंत जाऊन आलो, तरी नाही. इश्वरराव यायचे, मी मान हलवायचो, ते बरं म्हणायचे. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मनात यायचं, की हा माणूस खोटं बोलत असेल तर मी कशाला डोकं फोडून राहिलो? आणि खरं बोलत असेल तर आमच्या घरानं त्याचं काय करून ठेवलं?

त्या दिवसांत बाबा बाजाराच्या दिवशी न चुकता दुकानात यायचे. आधी कधी यायचे का सांग? तेलाचा वास सहन होत नाही म्हणायचे, धोतराला डाग लागतो म्हणायचे. आता यायचे, बाकावर बसायचे, आणि इकडचं तिकडचं झालं की विचारायचे, "सापडलं काही?" नाही म्हटलं की पिशवी उचलून निघायचे. मला वाटायचं, काही सापडू नये म्हणून पाहायला येतात. एकदा तर मी चिडून म्हटलं, बाबा, तुम्ही स्वतः पिताना पाहिलं ना, मग लाइटची काळजी तुम्हाला कशाला? त्यांनी धोतर झटकलं आणि उठले. त्यांचा चेहरा तेव्हा मला नीट वाचता आला नाही.

संक्रांतीला मी गावी आलो होतो, आठवतं? तू खाटेवर बसून तांदूळ निवडत होतीस. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की गाडी पडली त्याच्या आधी हॉर्न वाजला होता का. तू हात थांबवून विचार केलास आणि म्हणालीस, "हो, बहुत मोठा वाजवला त्यानं, पडेपर्यंत वाजवत होता." तुला वाटलं असेल दादा आता काहीही विचारून राहिला. इश्वररावांनी मला आधीच सांगितलं होतं की अंधार झाल्यावर पहिल्यांदा हात हॉर्नवर गेला, आणि हॉर्न वाजला. तुमची दोघांची गाठ नव्हती, बोलणं नव्हतं, आणि दोघांचं एकच निघालं. रिकाम्या जंगलातल्या रस्त्यावर माणूस हॉर्न कधी दाबतो, तूच सांग. समोर काही दिसत नसतं तेव्हाच दाबतो. मी त्याच दिवशी संध्याकाळच्या मोटारीनं लाखनीला परत आलो, आई तिळाच्या वड्या घेऊन मागे धावली तरी थांबलो नाही.

हॉर्न वाजला म्हणजे बॅटरी ठीक, मोठी वायर ठीक. गेली ती फक्त दिव्याची वाट. आणि मी साकोलीपर्यंत जाऊन काय पाहत होतो? तुम्ही दोघं बसून, न थांबता, एवढ्या लांबून गेला होतात. गाडी तापून लाल झाली असेल. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, चल, तुला फिरवून आणतो. ती बिचारी नवं लुगडं नेसून बसली. भंडारा केला, तुमसर केलं, कुठं उतरू दिलं नाही, पाण्यालाही नाही. परतताना दिवस बुडाला. मोहाडीच्या पुढं रस्ता तळ्याच्या पाळीला लागून डावीकडे वळतो, तिथं हँडल वळवलं आणि लाइट गेली. चंद्रकले, मी इतकी वर्षं गाड्या चालवतो, पण असा अंधार मी पाहिला नव्हता. डोळ्यांवर कोणी घोंगडी टाकावी तसं झालं. मी बावचळून हॉर्न दाबला. वाजला. तेवढ्यात रस्ता सरळ झाला आणि लाइट आपोआप परत आली. मी हळू होतो आणि मला ती जाईल हे ठाऊक होतं, म्हणून वाचलो. मागे बसलेली शकुन माझी बंडी धरून रडायला लागली. मी गाडी उभी करून तिथंच मातीत बसलो. मला तुझं आणि इश्वररावांचं त्या क्षणाचं सगळं समोर दिसलं. तुझी वहिनी पुढं दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि पुन्हा कधी फिरायला चल म्हटलं तर लाटणं दाखवते.

गाडी निवली की पुन्हा लाइट ठीक. म्हणजे तापली की सोडते, निवली की धरते. दुसऱ्या दिवशी मी बल्बच्या मागून एक जास्तीची वायर काढली आणि सरळ इंजिनला बांधली, आणि तसाच लांब जाऊन आलो. डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, लाइट जागची हलेना. वायर सोडली की वळणावर पुन्हा अंधार. मग बिघाड कुठं होता हे शोधायला वेळ लागला नाही. विजेला जायला एक वाट लागते आणि परतायला एक वाट लागते. फटफटीत परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंडच असतं. दिव्याची काळी वायर टाकीच्या खाली चेसिसला एका स्क्रूनं कसलेली असते, आणि तिथं लोखंड उघडं लागतं, चकचकीत, घासलेलं. मी तो स्क्रू उघडला. खाली उघडं लोखंड नव्हतंच. खाली रंग होता, चांगला जाड, हिरवा. वायर नुसती स्क्रूच्या आट्यांना कशीबशी शिवून होती. इंजिन तापलं की तो रंग मऊ पडायचा, स्क्रूची पकड ढिली व्हायची, आणि हँडल डावीकडे वळलं की वायर ओढली जाऊन सुटायची. निवलं की रंग पुन्हा घट्ट. म्हणून माझ्या दुकानात ती कधी गेलीच नाही. तिथं ती थंडच असायची.

तो रंग कुठून आला हे तुला सांगायला नको. तुझ्या लग्नाच्या वेळची गोष्ट बाबांनी किती लोकांना सांगितली असेल. जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या एका साहेबाची बदली झाली, त्याची वापरलेली गाडी बाबांनी घेतली, जुनी आहे हे इश्वररावांच्या घरीही सांगितलं, लपवलं काही नाही. पण मांडवात उभी करायची ती नवी कोरी दिसली पाहिजे. म्हणून भंडाऱ्याच्या पेंटरकडे नेऊन सगळी खोलून रंगवली. पेंटर म्हणाला असेल की ही एवढी जागा सोडावी लागते. बाबा दिवसभर तिथं स्टुलावर बसून होते. "एक बोट जागा उघडी नोको ठेवू," असं त्याला बजावलं, "माह्या पोरीची गाडी आहे, कुठंच लोखंड दिसलं नाही पायजे." हे ते मोठ्या कौतुकानं सांगायचे. पेंटरनं रंगवून टाकली. मांडवात गाडीला झेंडूचा हार घातला होता, तू टाकीवर हळदीचे हात उमटवले होतेस, आणि लोक येऊन रंगावरून बोट फिरवून पाहत होते. बाबा त्या दिवशी जेवलेही नाहीत आनंदानं. मी स्वतः पाहिलंय.

इश्वरराव आले तेव्हा मी तो स्क्रू त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं समजावलं. मला वाटलं उड्या मारतील. ते स्क्रूकडे बघत बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाले, "मले वाटून राहिलं होतं का मी पागल झालो." मग मी म्हटलं, आता बैठकीत हा स्क्रू ठेवू, पंचांसमोर गाडी तापवून दाखवू, कोण काय बोलतं ते बघू. तर ते म्हणाले नोको. का म्हणून विचारलं. "मामाजीनं हौसेनं रंगवली. चार लोकांत त्यायचं कायले काढायचं? तुम्ही चंद्रकलेले तेवढं सांगून देजा." मी म्हटलं, अहो, तुमचा संसार मोडून राहिला आणि तुम्ही मामाजींचा रंग सांभाळून राहिले! मला त्यांचा रागच आला. मग मी विचारलं की याच्या आधी कधी लाइट गेली होती का. ते गप्प झाले. पुन्हा विचारलं तर म्हणाले, "आता त्याले काय करायचं भाऊ." आणि मोटार आली, निघून गेले. त्या गप्प बसण्यात काहीतरी होतं ते मला कळलं, पण काय ते कळलं नाही.

ते मला बाबांकडून कळलं. बाजाराच्या दिवशी ते आले, बाकावर बसले, आणि नेहमीसारखं विचारलं, सापडलं काही? मी म्हटलं सापडलं. टाकी उतरवलेलीच होती, मी त्यांना ती जागा दाखवली, बोट लावून रंग दाखवला. त्यांनी खूप वेळ पाहिलं. "म्हणजे रंगानं?" एवढं म्हणाले. मी हो म्हटलं. मग ते बाकावर बसले नाहीत, तिथंच जमिनीवर, सांडलेल्या तेलात धोतरासकट बसले. मी उठवायला गेलो तर माझा हात झटकला आणि म्हणाले, "त्यानं मले सांगतलं होतं."

पोळ्याला इश्वरराव गावी आले होते तेव्हाची गोष्ट. बैल धुऊन झाल्यावर बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले होते, मामाजी, गाडीची लाइट कधी कधी जाते, भोजराजभाऊले दाखवू का? बाबांना ते लागलं. आपण एवढ्या हौसेनं दिलेली गाडी आणि हा खोट काढतो, असं वाटलं. म्हणाले, "दिलेल्या वस्तूत खोट काढू नोको. लोकायले समजलं तं म्हणतील, धनीरामनं पोरीले बिघडलेली गाडी देली." आपल्याकडे जावई दिलेल्या वस्तूबद्दल सासरी एकदा बोलतो तेच मोठं, दुसऱ्यांदा कोण बोलणार? इश्वरराव पुन्हा बोलले नाहीत. माझ्यासमोर किती वेळा गाडी उभी करून गेले असतील त्या दिवसांत, एका शब्दानं मला म्हणाले नाहीत. आणि बाबांनी त्यांना पिताना पाहिलं नव्हतं. कधीच नव्हतं पाहिलं. मंडईत मांडवामागच्या बोरिंगवर तोंड धुताना पाहिलं होतं, तेवढंच. दवाखान्यात तुझा पाय पाहिला आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "पिऊन होता." लाइट गेली असं कोणी म्हणण्याआधी निघाला. बाबा म्हणाले, तो शब्द बाहेर पडल्यावर मी थांबलो असतो, पण सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते, मग मला तो पुन्हा पुन्हा सांगावा लागला. इश्वरराव समोरच होते, खांदा मोडलेला. तेव्हाही म्हणू शकले असते की मामाजी, मी तुम्हाला पोळ्याला सांगितलं होतं. नाही म्हणाले.

मला किती राग आला ते लिहून कळणार नाही. हातातला पाना मी भिंतीवर मारला. बाबांना जे बोलायला नको ते बोललो, एका रंगापायी तुम्ही पोरीचा पाय घालवला आणि मग तिचा नवराही घालवायला निघाले, असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. उलटून एक शब्द बोलले नाहीत, आणि तू जाणतेस, बाबा उलटून बोलले नाहीत असं आपण कधी पाहिलेलं नाही. शकुननं आतून येऊन त्यांना पाणी दिलं, ते हातात धरून बसले. नंतर माझा राग उतरला तेव्हा मला त्यांची कीवही आली, हेही तुला सांगून टाकतो. पण तुला कीव यावी असं माझं म्हणणं नाही. पाय तुझा आहे. हिवाळाभर खाटेवर पडून नवऱ्याला दारुड्या समजत राहिलीस तू.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिलेलं नाही. आज सकाळीच बाबा पुन्हा आले, आज बाजारही नाही. म्हणाले, "भोजराज, माह्या तोंडून तिच्यासमोर निंगत नाही. खाटेजवळ जाऊन बसतो, पाणी पेतो आणि उठून येतो. तू लिहून दे. काही सोडू नोको." म्हणून मी काही सोडलं नाही, त्यांचा तो खोटा शब्दसुद्धा नाही. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवतो म्हटलं तर नको म्हणाले, तिले वाचू दे. आता दुकानाबाहेर बसून माझं लिहून व्हायची वाट पाहत आहेत. हे पत्र त्यांनीच तुझ्या हातात दिलेलं असेल. बैठकीत ते स्वतः उभे राहून पंचांसमोर सगळं सांगणार आहेत. तू म्हणशील तर त्याआधी चिखल्याला जाऊन इश्वररावांना घेऊन येतील, आणि तू नाही म्हणशील तर तेही मान खाली घालून ऐकतील. तिचं वाचून होईपर्यंत अंगणात उभा राहीन आणि तिनं बोलावल्याशिवाय घरात पाय ठेवणार नाही, असं मला सांगून ठेवलंय. किती वेळ उभं ठेवायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही.

तुझाच,
भोजराजदादा